हिरव्यातला पिवळा : निसर्गछायाचित्रांतील हिरव्या छटांचे संपादन

निसर्गछायाचित्रांचे संपादन शिकू पाहणारा नवखा माणूस आधी आकाशाकडे वळतो, मग चेहऱ्यांकडे. चित्राचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणाऱ्या हिरव्याकडे त्याचे लक्ष गेलेच, तर ते बहुधा तो आणखी गडद करण्यापुरते जाते. संपादन या शब्दाने येथे कॅमेऱ्याने टिपलेल्या नोंदीवर नंतर केलेले, चित्रातील वस्तू तशाच ठेवून त्यांचे रंग आणि उजेड ठरवणारे काम अभिप्रेत आहे. या कामात प्रत्येक रंगाची तीन अंगे वेगवेगळी हाताळता येतात : छटा, म्हणजे तो हिरवा पोपटी होऊन पिवळ्याकडे झुकतो की मोरपंखी होऊन निळ्याकडे, संपृक्तता, म्हणजे तो राखाडीपासून किती दूर आहे, आणि उजळपणा. हिरव्याच्या बाबतीत संपादकाची कसोटी हिरव्या-हिरव्यांतील भेद राखण्यात लागते, आणि हे भेद, ऐकायला विचित्र वाटले तरी, बहुतांशी पिवळ्यात साठवलेले असतात, अशी प्रस्तुत पुस्तकाची भूमिका आहे.

पुस्तकातील बहुतेक उदाहरणे दहिसर आणि त्याच्या आसपासची आहेत, आणि ही निवड निव्वळ सोयीची नाही. मुंबईच्या उत्तर सीमेवरील या उपनगराच्या पूर्वेस सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्या उद्यानात, १८७९ साली बांधून झालेल्या तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी बोरिवली आणि दहिसरच्या वस्तीतून वाट काढत मनोरीच्या खाडीला मिळते, आणि खाडीशी पोहोचताच खारफुटी सुरू होते. जेमतेम बारा किलोमीटरांच्या या प्रवाहाच्या एका टोकाला पानझडी जंगल आणि दुसऱ्या टोकाला भरतीच्या पाण्यात उभी तिवरे, तर मधल्या पट्ट्यात रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, सोसायट्यांच्या आवारातील नारळ आणि आंबे, आणि सांडपाणी साचते तेथे वाढणारे शेवाळ, असे हिरव्याचे प्रकार एका दिवसाच्या पायपिटीत पाहता येतात. जुलैमध्ये उद्यानातील साग मोठ्या, खरबरीत, फिकट पानांनी भरतो आणि त्याखालच्या उतारांवर कारवीची झुडपे दाटतात. फेब्रुवारीत तोच साग पिवळा-तपकिरी होऊन गळू लागतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कुसुमाची नवी पालवी लालभडक, तर पिंपळाची तांबूस येते. तिवराच्या पानाची वरची बाजू काळपट हिरवी व खालची रुपेरी राखाडी असल्यामुळे वारा सुटला की सगळी खारफुटी क्षणात रंग बदलते. या सगळ्याला एकच हिरवी पट्टी लावणाऱ्या संपादकाच्या हाती एकाच झाडाच्या अनेक प्रती लागतात, आणि खाडी व डोंगर यांच्यातील फरक चित्रातून निघून जातो.

पान हिरवे का दिसते याचे शालेय उत्तर, म्हणजे हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते व हिरवा परत पाठवते, हे खरे असले तरी संपादकाला ते पुरत नाही. छायाचित्रात दिसणारा पानाचा रंग निदान तीन वाटांनी आलेल्या प्रकाशाचा मिळून बनतो. पहिली वाट पानाच्या आत शिरून, रंगद्रव्यांतून गाळून परत आलेल्या प्रकाशाची. दुसरी पानातून आरपार गेलेल्या प्रकाशाची, जो पिवळसर आणि तेजस्वी असतो व सूर्य समोर ठेवून काढलेल्या चित्रात पाने आतून पेटल्यासारखी दाखवतो. आणि तिसरी पानाच्या मेणचट पृष्ठावरून, हरितद्रव्याला न भेटताच, आरशासारख्या परतलेल्या प्रकाशाची. या तिसऱ्या प्रकाशात हिरवे काहीच नसते, त्यात आकाश असते; म्हणून निरभ्र दिवशी आंब्याची आणि करंजाची पाने निळसर चकाकतात, आणि पावसाळी ढगाखाली ओली पाने पांढुरकी दिसतात. ही चकाकी संपृक्तता वाढवून हटत नाही, कारण जेथे हिरवा नोंदलाच गेला नाही तेथे वाढवायला काही नसते. ती कमी करण्याचे साधन संगणकात नसून भिंगापुढे लावायच्या पोलरायझर या फिरत्या काचेत आहे, जी ठरावीक दिशेने कंप पावणारा परावर्तित प्रकाश अडवते. संपादनाच्या पुस्तकात ही काच येते याचे आश्चर्य वाटू नये. चित्र काढतानाच सुटू शकणारा प्रश्न संगणकावर नेऊन ठेवल्यामुळे या क्षेत्रात वाया गेलेले श्रम थोडे नाहीत.

कॅमेऱ्याची बाजूही समजून घ्यावी लागते. आजच्या जवळजवळ सर्व कॅमेऱ्यांत संवेदकावर रंगीत गाळण्यांची जी जाळी असते, तिची कल्पना कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. या जाळीत दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा असतो, कारण माणसाच्या डोळ्याची उजेडाविषयीची संवेदना वर्णपटाच्या हिरव्या भागात, सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीपाशी, सर्वाधिक असते आणि बारीक तपशील डोळा मुख्यतः त्याच भागातून वाचतो. त्यामुळे हिरव्याला धक्का लावणे म्हणजे चित्राच्या उजेडालाच धक्का लावणे होय : पडद्यासाठीच्या प्रचलित गणितात एकूण उजळपणातील हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के धरतात, तर निळ्याचा ७ टक्क्यांच्या आसपास.

मात्र चित्रातील आकडे उघडून पाहिले, तर उन्हातल्या गवताच्या बिंदूत तांबड्याचा आकडा हिरव्याच्या बराच जवळ आणि निळ्याचा फार खाली असतो, आणि असा बिंदू रंगचक्रावर पिवळ्या व पोपटी यांच्या दरम्यान पडतो. यामुळेच संपादनाच्या आज्ञावलीत 'ग्रीन' नावाची पट्टी कितीही सरकवली तरी गवत फारसे हलत नाही आणि 'यलो' सरकवताच सगळे माळरान बदलते, हा अनुभव प्रत्येक नवशिक्याला येतो. त्यातून जो उपाय सर्रास रूढ झाला आहे तो म्हणजे पिवळ्याची छटा हिरव्याकडे ढकलणे. एका हालचालीत चित्र ताजे, पावसाळी, टवटवीत दिसू लागते. पण नवी पालवी, उन्हाचा कवडसा, पिकले पान, वाळू लागलेली फांदी हे सारे ज्या पिवळ्यात नोंदलेले होते तोच पुसला जातो. लग्नाच्या चित्रांत हे ताबडतोब उघडे पडते, कारण लॉनवर काढलेल्या हळदीच्या चित्रात गवतासाठी हलवलेली पट्टी नवरीच्या गालावरील हळदही हिरवट करते. झाडांच्या चित्रात तक्रार करणारे कोणी नसते इतकेच.

हिरव्याशी छायाचित्रणाचे भांडण जुने आहे. मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, तेव्हापासून पुढची काही दशके वापरात असलेल्या काचांवरील रसायन निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई, त्यामुळे झाडी काळी आणि आकाश पांढरेफटक उमटे. हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली रसायनात रंजकद्रव्य मिसळून ते हिरव्यालाही संवेदनक्षम करता येते हे दाखवले, १९०६ साली सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या, आणि मग कृष्णधवल छायाचित्रकारांनी भिंगापुढे पिवळी-हिरवी काच लावून झाडी उजळ करण्याची युक्ती अंगीकारली. पट्ट्या सरकवण्याचा आजचा उद्योग हा या काचेचाच वंशज म्हणता येईल. रॉबर्ट वुड यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या अवरक्त छायाचित्रांत पाने बर्फासारखी पांढरी दिसली, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या भागात पान हिरव्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश परतवते हे उघड झाले. उपग्रहावरून वनस्पतींचे आरोग्य मोजण्याची पद्धत याच गुणधर्मावर उभी आहे.

रंगीत छायाचित्रणाचा इतिहास येथे थोडक्यात पुरेल. ल्युमिएर बंधूंच्या १९०७ सालच्या ऑटोक्रोम काचांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण असत आणि त्यांत हिरवा हा एक मूळ रंग होता. १९३५ साली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली, आणि त्याच दशकात, १९३३ साली, प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करवून घेतली, पण तो प्रयोग साधला नाही. हिरव्याच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र १९९० मानावे लागते. त्या वर्षी फुजी कंपनीची वेल्विया ही संथ पारदर्शिका-फिल्म बाजारात आली, जिच्यात झाडी प्रत्यक्षाहून कितीतरी गडद आणि रसरशीत उमटे. आणि त्याच वर्षी फोटोशॉपची पहिली आवृत्ती निघाली. पहिलीने हिरवा कसा असावा याविषयीची अपेक्षा बदलली आणि दुसरीने ती अपेक्षा कोणालाही, कोणत्याही चित्रावर, घरबसल्या लादता येईल अशी सोय केली. दिनदर्शिकांवरच्या सह्याद्रीचा हिरवा जो आज 'नैसर्गिक' म्हणून ओळखला जातो, त्याचा बराचसा उगम या एका फिल्मच्या रसायनात आहे.

चित्रकारांनी मात्र हा प्रश्न फार आधी ओळखला होता. कोल्हापूरच्या कोटीतीर्थ तलावाचा परिसर वेगवेगळ्या प्रहरी पुन्हापुन्हा रंगवणारे आबालाल रहिमान असोत किंवा जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतील निसर्गचित्रकार असोत, नळीतून निघालेला कोरा हिरवा कागदावर ठेवू नये, त्यात थोडी भाजलेली माती किंवा तांबडा मिसळावा, हा जलरंगाचा धडा विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच मिळतो. समोरचा पूरक रंग किंचित मिसळला की हिरवा शांत होतो आणि त्याच्या शेजारी दुसरा हिरवा वेगळा दिसू लागतो. संपादनाच्या आज्ञावलीत हेच काम हिरव्या-किरमिजी अक्षावरील पट्टीने, म्हणजे 'टिंट'ने, आणि वक्ररेषांनी, म्हणजे 'कर्व्ह्ज'नी, होते. पण चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या छायाचित्रकाराला हा धडा कोणी देत नाही, ही उणीव भरून काढणे हा या पुस्तकाचा एक उद्देश आहे.

आज या क्षेत्रात जे संप्रदाय दिसतात त्यांतील सर्वांत कर्मठ संप्रदाय निसर्गअभ्यासकांचा आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांच्या अभ्यासपरंपरेत छायाचित्र हा पुरावा असतो, आणि रंग जातीच्या ओळखीला मदत करील इतपतच दुरुस्त करावा असे मानले जाते. स्पर्धांच्या जगात अमेरिकेची छायाचित्रण-संस्था पीएसए, छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ साली निसर्गछायाचित्राची जी समान व्याख्या स्वीकारली, तीही चित्रातील आशय बदलण्यास मनाई करते आणि रंगाची दुरुस्ती नैसर्गिक दिसेल इतकीच मान्य करते. आता 'नैसर्गिक दिसेल' हे ठरवणारा परीक्षक स्वतः वेल्वियावर वाढलेला असेल तर काय, हा प्रश्न व्याख्येत सुटलेला नाही.

या संप्रदायाच्या अगदी उलट टोकाला पावसाळी पर्यटनाचा भडक हिरवा आहे. पश्चिम घाटातील निवडक स्थळांना, त्यांत कासच्या पठारालाही, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, मोबाइल कॅमेरे त्याच सुमारास घरोघरी पोहोचले, आणि जुलै-ऑगस्टमधील सह्याद्री एका ठरावीक, जवळजवळ विजेरी हिरव्यात प्रसृत होऊ लागला. बहुतेक मोबाइल आता दृश्यात झाडी आहे हे ओळखून संपृक्तता स्वतःहून वाढवतात, त्यामुळे 'मूळ' चित्र असे काही वापरणाऱ्याच्या हाती उरतच नाही. याची प्रतिक्रिया म्हणून लग्नपूर्व चित्रीकरणाच्या व्यवसायात मंद, काळपट, तपकिरीकडे झुकणाऱ्या हिरव्याची शैली आली. तयार मांडण्या, म्हणजे प्रीसेट, विकत घेऊन हिरव्याची संपृक्तता एकदम खाली आणायची आणि जोडप्याचे चेहरे तेवढे उबदार ठेवायचे, ही तिची रीत. युरोपातील ढगाळ, सूचिपर्णी जंगलासाठी बेतलेली ही मांडणी बोरिवलीच्या जंगलावर लावली की सागाचे पान वाळक्या तंबाखूसारखे दिसते, हे एक वेळ चालून जाईल. पण मराठी नवरीच्या हातातील हिरवा चुडाही त्याच पट्टीखाली येऊन राखाडी होतो, आणि सौभाग्याची म्हणून हौसेने भरलेली काकणे अल्बममध्ये शिळी वाटतात. चुडा वेगळा निवडून त्याचा रंग परत आणणारे काळजी घेणारे संपादक आहेत, परंतु व्यवसायाच्या घाईत त्यांची संख्या मोठी असेल असे मानण्याचे कारण नाही.

साधनांवरूनही पंथ पडले आहेत. रंगागणिक पट्ट्या देणारी पद्धत २००७ साली आलेल्या लाइटरूम या आज्ञावलीमुळे सर्वत्र पसरली. ती सोपी आहे, आणि तिचे बहुतेक दोष वर सांगून झाले आहेत. तिच्याशी तुलना करता डॅन मार्ग्युलिस यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथातून लोकप्रिय केलेली लॅब पद्धत अधिक विचार मागते. १९७६ साली ठरलेल्या या रंगावकाशात उजळपणा एका अक्षावर आणि रंग दोन स्वतंत्र अक्षांवर, एक हिरव्यापासून किरमिजीपर्यंत व दुसरा निळ्यापासून पिवळ्यापर्यंत, मांडलेला असतो. या दोन अक्षांवरील वक्ररेषांचा उतार वाढवला की जवळजवळच्या छटा एकमेकींपासून दूर सरकतात, म्हणजेच साग सागासारखा आणि कारवी कारवीसारखी दिसू लागते. तिसरा मार्ग निवडीचा. २०२१ पासून लाइटरूममध्ये चित्राचा मुख्य विषय आणि आकाश आपोआप वेगळे करणारे मुखवटे आले, त्यामुळे चेहऱ्याला हात न लावता झाडी बदलता येते, जरी झाडाखाली बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली पानांचा जो हिरवा उजेड पडतो तो या मुखवट्याच्या आतच राहतो आणि वेगळा निस्तरावा लागतो. डार्कटेबलसारख्या मोफत आज्ञावल्यांतही ही सर्व कामे होतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुस्तकाचा कल लॅब पद्धतीकडे आहे, आणि कारवीच्या उदाहरणाने त्याचे कारण कळेल. उद्यानात आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. उतारभर जांभळी फुले आणि त्यांच्यामागे भिजलेली पाने, असा तो देखावा असतो. पाने टवटवीत करण्यासाठी टिंट हिरव्याकडे नेली तर फुलांतील किरमिजी उतरून ती निळी होतात, आणि फुले सांभाळावीत तर पाने मळकी दिसतात. येथे संपूर्ण चित्राला लागू होणारा कोणताही एक आकडा उपयोगी पडत नाही. किरमिजी-हिरव्या अक्षावरच्या वक्ररेषेचा हिरव्याकडील भाग तेवढा उचलून किरमिजीकडील भाग जागीच धरून ठेवावा लागतो, आणि हे पट्टीपेक्षा वक्ररेषेने सहज साधते.

हा विषय आजच महत्त्वाचा का, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रापेक्षा खाडीच्या चिखलात अधिक सापडते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने आणि २०१८ साली अंतिम निकालाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली, २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन, म्हणजे खारफुटी, कक्ष स्थापन झाला, आणि तेव्हापासून खाडीकाठचे नागरिक भरावाच्या, पाणी अडवल्याच्या, झाडे वाळल्याच्या तक्रारींना छायाचित्रे जोडत आले आहेत. भरतीचे पाणी तोडले की तिवर एका रात्रीत मरत नाही. ते आधी पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि मग निष्पर्ण. म्हणजे पहिली, अजून काही करता येण्याजोगी अवस्था छायाचित्रात नेमकी त्या पिवळ्यात नोंदलेली असते, जो मोबाइलची स्वयंचलित सुधारणा आणि हौशी संपादक दोघेही सवयीने हिरव्याकडे ढकलतात. आजारी झाड कागदावर बरे होते. याच्या उलट, नदीपात्रात सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ संपादनात पाचूसारखे खुलते आणि प्रदूषित पाणी निसर्गसौंदर्याच्या नावाखाली खपते. छायाचित्र पुरावा म्हणून द्यायचे असेल तर कॅमेऱ्याची कच्ची, म्हणजे 'रॉ' नोंद जपून ठेवावी आणि रंग पडताळण्यासाठी राखाडी पत्रिका दृश्यात धरून एक चित्र काढावे, असा आग्रह पुस्तकात धरला आहे तो यासाठी.

पडदा आणि कागद यांतील फरकाविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. अधिक रुंद रंगावकाश वापरला की झाडी अधिक हिरवी होईल असे सांगितले जाते; वस्तुतः बहुतेक पानांचा हिरवा एसआरजीबी या १९९६ सालच्या साध्या रंगावकाशातही बसतो, कारण प्रत्यक्षातले पान आपण समजतो त्यापेक्षा काळोखे आणि मंद असते; गवताचा उजळपणा छायाचित्रकार मध्यम राखाडीच्या जागी धरतात तो उगाच नाही. अडचण उलट दिशेने येते. चार शाईंच्या ऑफसेट छपाईत हिरवा हा आकाशी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून होतो आणि त्याची मजल मर्यादित असते, म्हणून मोबाइलवर झगमगणारा पोपटी दिवाळी अंकाच्या पानावर उतरताना मळतो आणि दोष छापखान्याला मिळतो. ज्याने संपादनात छटांचे भेद राखले आहेत त्याचे चित्र छपाईत एकंदर मंद झाले तरी वाचता येते. ज्याने संपृक्ततेवरच भिस्त ठेवली त्याचे चित्र एक सपाट हिरवा डाग होते.

या सर्वांतून पुस्तकाची रचना ठरली आहे. ते आज्ञावलीच्या बटनांची मार्गदर्शिका नाही, कारण बटने दर वर्षी जागा बदलतात. ते झाड, ऋतू आणि प्रहर यांच्याकडून सुरुवात करते आणि साधनाकडे नंतर येते. प्रत्येक उदाहरणात कॅमेऱ्यातील मूळ नोंद आणि संपादित चित्र समोरासमोर छापले असून त्याखाली झाडाचे नाव, महिना आणि उजेडाची दिशा दिली आहे, जेणेकरून संपादन पटले नाही तर वाचकाला भांडायला आधार मिळावा. अवरक्त छायाचित्रण आणि रात्रीची चित्रे कक्षेबाहेर ठेवली आहेत. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतील बिबट्याचे नयन खानोलकर यांचे जे चित्र २०१६ साली वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेच्या नागरी विभागात विजयी ठरले, तशा चित्रांत रंग दिव्यांनी ठरतो आणि त्यांचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. तांबड्या-हिरव्यातील फरक ज्यांना जन्मतः कमी कळतो अशा वाचकांसाठी मात्र आकडे पाहून काम करण्याची एक स्वतंत्र रीत दिली आहे, आणि इतरांनीही तिचा अवलंब करायला हरकत नाही, कारण तासभर हिरव्याने भरलेल्या पडद्याकडे पाहिल्यावर कोणाचाही डोळा त्या रंगाला सरावतो आणि आणखी थोडा हिरवा मागू लागतो.